ले-ऑफनंतरची तयारी, फक्त कॅलिफोर्नियापुरती

नोकरी गेल्यावर राज्याकडून बेकारी विम्याचा भत्ता कसा मागायचा, ते इथे आहे. न्यू जर्सीतल्या मावसभावाला विचारून हे करू नका. तिथे दर आठवड्याला सर्टिफाय करतात, म्हणजे ठरावीक प्रश्नांची उत्तरं देऊन त्या आठवड्याचा भत्ता मागतात; कॅलिफोर्नियात हे दर दोन आठवड्यांनी. मागच्या वेळी सगळे कागद चोख होते आणि नेमकं हे सर्टिफाय करणंच राहिलं, त्यामुळे ते खाली पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी तारीख. तुम्ही ज्या आठवड्यात अर्ज भरता, त्या आठवड्याच्या रविवारपासून क्लेम सुरू होतो. नोकरी कधी गेली याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘पंधरा दिवस जरा शांत बसू’ म्हटलंत की ते पंधरा दिवस बुडालेच. शिवाय पहिला पात्र आठवडा वेटिंग वीक, त्याचे पैसे मिळत नाहीत. पण सर्टिफाय मात्र तोही करायचा, नाहीतर तो मोजलाच जात नाही.

एच-१बीवाल्यांनी, म्हणजे कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी, अर्जाआधी थांबावं. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, पण भत्त्याची अट ‘काम करायला सक्षम आणि उपलब्ध’ अशी आहे, आणि व्हिसा एकाच मालकाला बांधलेला. इथे बहुधा गाडी अडते. इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर कार्डाची मुदत बघा आणि ते हाताशी ठेवा.

कागद: सोशल सिक्युरिटी नंबर, ओळखपत्र, गेल्या १८ महिन्यांतल्या सगळ्या मालकांची नावं, पत्ते, फोन, तारखा, पगार. हे कळतंच. न कळणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायची आपली सवय. सोशल सिक्युरिटी कार्डावर एक, लायसन्सवर दुसरं, पगाराच्या स्लिपवर तिसरंच. अर्जात कार्डावरचंच लिहा, नाहीतर ओळख पटवण्यातच आठवडे जातात. दुसरी, शेवटचा मालक. कन्सल्टिंगमध्ये असाल तर रोज ज्या क्लायंटकडे बसत होतात तो मालक नव्हे. डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म) देणारी कंपनी मालक. चुकीचं नाव टाकलंत की तुमच्या क्लेमची नोटीस भलत्याच कंपनीकडे जाते. मालकाला उत्तर द्यायला १० दिवस असतात, आणि नोकरी जाण्याच्या कारणाबाबत तुमचं म्हणणं एक आणि त्यांचं दुसरं निघालं तर फोनवर मुलाखत लागते. म्हणून ‘लेड ऑफ’ असेल तर तेवढंच लिहा, मॅनेजरबद्दलचं मन तिथे मोकळं करू नका. शेवटच्या आठवड्यात रविवारपासून शेवटच्या दिवसापर्यंत किती कमावलं, तेही विचारतात: कापून हातात आलेला आकडा नको, कापण्याआधीचा हवा.

मग टपालाने अवॉर्डची, म्हणजे भत्ता किती मिळू शकतो याची, नोटीस येते. आठवड्याला ४० ते ४५० डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. बे एरियातल्या भाड्यापुढे ४५० म्हणजे काहीच नाही, पण बहुतेक आयटीवाल्यांचा आकडा तोच येतो. नोटिशीतले तिमाही पगार डब्ल्यू-२शी ताडून बघा. ज्या काळातल्या पगारावरून भत्ता ठरतो तो आधारकाळ, म्हणजे पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार. म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज केलात तर आदल्या ३० सप्टेंबरला संपलेलं वर्ष धरतात. ताजा पगार त्यात दिसला नाही म्हणून ओरडू नका. आणि ही नोटीस म्हणजे मंजुरी नव्हे.

आता मुख्य मुद्दा. मंजुरी आली नाही, मुलाखत महिनाभर पुढे आहे, खात्यावर ‘पेंडिंग’ दिसतंय, तरीही सर्टिफाय करायचं. ‘निकाल लागला की एकदम करू’ हा विचार अगदी शहाणपणाचा वाटतो आणि पूर्ण चुकीचा असतो. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच मिळतात. दोन आठवडे शनिवारी संपले की रविवारपासून दार उघडतं. १४ दिवसांत भरा. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि ‘मला वाटलं आपोआप होतं’ हे सबळ कारण नव्हे. फार काळ गप्प बसलात तर क्लेम निष्क्रिय होतो, तो पुन्हा उघडा. फोनमध्ये दर दुसऱ्या रविवारचा गजर आत्ता लावा, हे वाचून झाल्यावर नव्हे.

प्रश्न साधे आहेत: आजारी होता का, काम शोधलं का, नाकारलं का, शिक्षण सुरू केलं का, कमाई झाली का. कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात लिहायची, चेक कधीही येवो. २५ डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते सोडून बाकीचं कापतात. ३०० कमावलेत तर २२५ कापले जातील. लपवलंत तर मालकाच्या नोंदीवरून सापडतं, मग वसुली आणि वर दंड. आणि ‘सुटीच आहे तर पुण्याला जाऊन येऊ’ असेल, तर त्या आठवड्यांचा भत्ता विसरा आणि उत्तर खरं द्या.

प्रशिक्षण. इथे लोक दोन खिडक्यांचा घोळ घालतात. बेकारी विमा ईडीडी हे राज्याचं रोजगार खातं चालवतं, पैसा मालकांच्या करातून येतो. स्लिपवरची एसडीआयची (राज्याच्या अपंगत्व विम्याची) कपात वेगळी, ती यासाठी नाही. कोर्सची फी मात्र केंद्राच्या २०१४च्या वायोआ या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्याच्या निधीतून, स्थानिक जॉब सेंटरमार्फत मिळते, तीही यादीतल्याच कोर्सला आणि निधी असेल तर. आधी सेंटरला जा, मग कोर्सला नाव घाला. स्वतः फी भरून नंतर परत मागण्याचा बेत करू नका. कोर्स सुरू झाला की भत्ता थांबू नये म्हणून कॅलिफोर्निया ट्रेनिंग बेनिफिट्सची मंजुरी घ्या. ती मिळाली की नोकरी शोधण्याची अट शिथिल होते. भत्ता लांबवायचा असेल तर ती मागणी १६ व्या आठवड्याचा भत्ता मिळण्याआधी करा. मूळ धरून एकूण ५२ आठवड्यांइतकी रक्कम होऊ शकते. १७ व्या आठवड्यात जाग आली तर काही होत नाही. वर्गात बसत असतानाही सर्टिफाय चालूच.

बाकी पटापट. कॅलजॉब्स या राज्याच्या नोकरीच्या साइटवर नोंदणी आणि रेझ्युमे टाकायला सांगितलं असेल तर मुदत २१ दिवस. नकार आला तर अपील ३० दिवसांत, आणि अपील चालू असतानाही सर्टिफाय. कर: राज्याचा नाही, केंद्राचा आहे, १० टक्के आधीच कापून घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये रडाल. १०९९-जी (मिळालेला भत्ता दाखवणारा कराचा फॉर्म) जपून ठेवा. नवी नोकरी लागली की त्या आठवड्याची कमाई लिहून शेवटचं सर्टिफाय करा, मग थांबा.

गजर लावला का?