प्रौढ वयात पुन्हा स्केटबोर्डकडे वळताना खान्देशातल्या रस्त्यांसाठी सेटअप कसा निवडावा

कॉलेजच्या वयात पुण्या-मुंबईत स्केटबोर्ड चालवला, पुढे नोकरी-संसारात तो सुटला आणि आता पस्तिशी-चाळिशीत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला स्थिरावल्यावर पुन्हा बोर्डवर उभे राहावेसे वाटू लागले, अशा माणसाच्या डोक्यात जुन्या बोर्डाचीच मापे पक्की असतात : ७.५ इंची डेक (उभे राहायची फळी), ५२ मिलिमीटरची टणक चाके आणि घट्ट आवळलेले ट्रक (फळीखाली चाकांचा आस धरणारे धातूचे भाग). ती मापे त्या वेळच्या शरीराला आणि त्या वेळच्या जागेला साजेशी होती. आता वजन वाढलेले असते, दुखावलेले मनगट बरे व्हायला जास्त दिवस लागतात आणि पायाखाली बहुधा खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता असतो. म्हणून निवडीची सुरुवात डेकपासून करू नये. आधी जमीन पाहावी, मग चाके ठरवावीत आणि त्यानंतर ट्रक व डेककडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी जागा पाहून घ्या

पैसे खर्च करण्यापूर्वी घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतले रस्ते पायी फिरून पाहावेत. मोटारसायकलवरून गुळगुळीत वाटणारा रस्ता स्केटबोर्डला गुळगुळीत असतोच असे नाही, कारण मोटारसायकलचे मोठे, हवा भरलेले टायर जे धक्के गिळतात ते स्केटबोर्डचे लहान, भरीव चाक थेट पायापर्यंत पोहोचवते. डांबरावरील खडीचे टोक तळहाताला बोचत असेल तर टणक चाकांवर तिथे पाच मिनिटांत पाय झिणझिणतील. गल्लीतले काँक्रीटचे रस्ते पुष्कळ बरे असतात, मात्र त्यांच्या पट्ट्यांमधल्या सांध्यांत चाक अडकेल इतकी फट आहे का, ते वाकून पाहावे. पेव्हर ब्लॉकवर लहान चाकांनी चालवणे मला शक्य असले तरी सुखाचे वाटत नाही.

खान्देशात खरी चांगली जमीन अनेकदा अशा ठिकाणी असते जिथे आपण शोधत नाही. कापसाच्या जिनिंगच्या आवारात कपाशीचे ढीग टाकण्यासाठी मोठे काँक्रीटचे पटांगण केलेले असते, आणि हंगाम उलटला की ते रिकामे पडते. बाजार समितीतील लिलावाची शेडे, मंगल कार्यालयांपुढील मोकळ्या जागा, शाळेचे बास्केटबॉल मैदान यांचाही विचार करावा. या सगळ्या जागा कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात असतात, म्हणून व्यवस्थापकाला भेटून रीतसर परवानगी घ्यावी, आणि हंगाम चालू असताना, म्हणजे साधारण दिवाळीपासून पुढे, जिनिंगच्या आवाराकडे फिरकूही नये. कपाशीभोवती माणसे आणि गाड्यांची सतत ये-जा असते.

हे पाहून झाले की आपल्या फेरफटक्याचा किती भाग खडबडीत रस्त्यावर आणि किती गुळगुळीत कोब्यावर जाणार, याचा प्रामाणिक अंदाज करावा. पुढची सगळी मापे त्या अंदाजावर अवलंबून आहेत.

चाके : सर्वांत महत्त्वाचा निर्णय

चाकाची दोन मापे पाहायची असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरे टणकपणा, जो ड्युरोमीटरच्या आकड्याने सांगतात. ७८ए ते ८७ए ही मऊ चाके, ९९ए आणि त्याच्या वरची टणक. इथे एक फसगत होते ती टाळावी : काही चाकांवर आकड्यापुढे ‘ए’ऐवजी ‘बी’ लिहिलेले असते, आणि ८३बी म्हणजे ढोबळमानाने १०३ए. आकडा लहान दिसतो म्हणून मऊ समजून घेतलेली ही चाके प्रत्यक्षात अत्यंत टणक निघतात.

टणक, लहान चाक हलके असते, ऑली (बोर्डासकट मारलेली उडी) मारताना बोर्ड पटकन उठतो आणि कोब्यावर ते हवे तेव्हा घसरवता येते. पण रस्त्यावर हरभऱ्याएवढा खडा आला की तेच चाक जागच्या जागी अडते आणि बोर्ड थांबला तरी माणूस पुढे जातो. प्रौढ वयात परतणाऱ्यांच्या बऱ्याच वाईट पडण्यामागे उडी किंवा करामत नसते, असा एखादा खडाच असतो. मऊ आणि मोठे चाक त्या खड्यावर किंचित दबून पुढे सरकते, शिवाय पायाला बसणारी थरथर कमी करते. त्याची किंमत अशी की ते जड असते, कोब्यावर आपटून उसळते आणि आडवे घसरवायला गेले तर जमिनीला चिकटून बसते.

या दोहोंच्या मध्ये, ९२ए ते ९५ए या टप्प्यात ५४ ते ५६ मिलिमीटरची चाके मिळतात. पॉवेल-पेराल्टा या कंपनीची ड्रॅगन फॉर्म्युला ही ९३एची चाके याच विचाराने बनवलेली आहेत. ज्याच्याकडे बऱ्यापैकी काँक्रीटचे रस्ते आहेत आणि ज्याला एकाच संचात भागवायचे आहे, त्याने ही घ्यावीत. परंतु आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना माझी शिफारस वेगळी आहे : एक बोर्ड, चाकांचे दोन संच. रस्त्यासाठी ५६ मिलिमीटरची ७८ए ते ८०एची चाके आणि कोब्यासाठी ५४ मिलिमीटरची ९९एची. दुसऱ्या संचाचा खर्च दुसरा आख्खा बोर्ड घेण्यापेक्षा पुष्कळ कमी येतो, आणि बेअरिंगही दोन संच ठेवले तर चाके बदलायला चार नट सोडण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

डेक आणि ट्रक

२००० नंतरच्या दशकात ७.५ ते ७.७५ इंच रुंदीचे डेक सर्रास वापरले जात. आज ८ ते ८.५ इंच ही नेहमीची रुंदी झाली आहे, आणि हा बदल परतणाऱ्या माणसाच्या फायद्याचा आहे, कारण रुंद डेकवर पायाला टेकायला जागा जास्त मिळते आणि उडीनंतर पाय थोडा चुकीच्या जागी पडला तरी बोर्ड लगेच कलंडत नाही. नेहमीच्या उंचीच्या, नेहमीच्या मापाचा बूट घालणाऱ्या माणसाने ८.२५ इंचापासून सुरुवात करावी. पाय मोठा असेल, वजन ८५-९० किलोच्या पुढे असेल किंवा मुख्यतः रस्त्यावर फिरायचेच ठरवले असेल तर ८.५ इंच घ्यावे. ८ इंचापेक्षा अरुंद डेक, कितीही जुनी सवय असली तरी, पहिल्यांदा घेऊ नये.

चांगला डेक मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेला असतो. खेळण्यांच्या दुकानात चित्रे रंगवून टांगलेले जे बोर्ड दिसतात त्यांत अनेकदा साधे लाकूड आणि प्लास्टिकचे ट्रक असतात. ते लहान मुलांच्या वजनासाठी केलेले असतात. प्रौढ माणसाने त्यावर पाय ठेवू नये, मग ते कितीही स्वस्त असोत.

ट्रक निवडताना एकच नियम लक्षात ठेवावा : ट्रकच्या आसाची रुंदी डेकच्या रुंदीएवढी, फार तर पाव इंच कमी-जास्त असावी. वेगवेगळ्या कंपन्या आकडे वेगळ्या पद्धतीने देतात, म्हणून ट्रकच्या नावातल्या आकड्यावर न जाता आसाचे माप वाचावे. उदाहरणार्थ इंडिपेंडंटचे १३९ हे ८ इंचासाठी, १४४ हे ८.२५ साठी आणि १४९ हे ८.५ इंचासाठी आहेत.

वजन वाढले असेल तर ट्रकमधील बुशिंगकडे विशेष लक्ष द्यावे. किंगपिनभोवती, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टभोवती, बसणारे हे रबरासारखे गोल तुकडे बोर्ड किती सहज वळतो ते ठरवतात. नव्या ट्रकसोबत येणारी बुशिंगे बहुधा ९०एच्या आसपासची, म्हणजे मध्यम असतात. वजनदार माणसाखाली ती फार दबतात, मग तो नट आवळत जातो आणि शेवटी बोर्ड वळेनासा होतो. त्याऐवजी ९४ए ते ९६एची टणक बुशिंगे घालून नट बेताचा ठेवला तर बोर्ड स्थिरही राहतो आणि वळतोही. बदल छोटा आणि स्वस्त आहे, तरी परतणाऱ्याला सर्वांत जास्त जाणवणारा तोच आहे.

५६ मिलिमीटरची चाके लावायची तर ट्रक आणि डेकमध्ये एक अष्टमांश इंचाचे रायझर पॅड घालावे. ते नसेल तर जोरात वळताना चाक डेकच्या तळाला घासून बोर्ड एकदम थांबतो. रायझर लावल्यावर १ इंची बोल्ट पुरत नाहीत. १ १/८ किंवा १ १/४ इंची घ्यावेत. रायझर कायम तसेच राहू द्यावे, म्हणजे चाके बदलताना बोल्टला हात लावावा लागत नाही.

बेअरिंग गावातही मिळते

स्केटबोर्डच्या सगळ्या बेअरिंगचा आकार एकच असतो, ६०८ : आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. हेच बेअरिंग विजेच्या लहान मोटारींत आणि हत्यारांत वापरले जाते, त्यामुळे मोटार-पंप दुरुस्तीची बाजारपेठ असलेल्या आपल्या शहरांत बेअरिंगच्या दुकानात ते सहज मिळते. दुकानदाराला ‘६०८, दोन्ही बाजूंनी रबर सील’ एवढे सांगावे, आणि दोन संचांसाठी मिळून सोळा घ्यावीत. आतले घट्ट ग्रीस सुरुवातीला चाक किंचित जड फिरवते, पण काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरू देत नाही, आणि आपल्याकडे हा गुण वेगापेक्षा मोलाचा आहे.

एबेकचा, म्हणजे बेअरिंगच्या अचूकतेच्या श्रेणीचा, मोठा आकडा पाहून जास्त पैसे देऊ नयेत. तो आकडा यंत्रातल्या अचूकतेचा आहे. ताशी २० किलोमीटरने जाताना ५४ मिलिमीटरचे चाक मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेते. एवढ्या गतीला साधे बेअरिंगही भरपूर पुरते. स्केटबोर्डचे बेअरिंग बिघडते ते धुळीने, पाण्याने आणि आडव्या धक्क्यांनी.

माळ्यावरचा जुना बोर्ड

जुना बोर्ड अजून घरात असेल तर नवे सामान मागवण्याआधी तो खाली काढावा. ट्रकचे धातूचे भाग वर्षानुवर्षे टिकतात. आस वाकलेला नसेल आणि रुंदी नव्या डेकला जुळत असेल तर ते खुशाल वापरावेत. मात्र बुशिंगे आणि किंगपिनसमोरील पिव्हट कप (ट्रकचे टोक ज्यात टेकते ती लहान वाटी) हे बहुधा तडकलेले असतात, ते बदलावेच. पिवळी पडून टणक झालेली किंवा एका बाजूला सपाट झिजलेली चाके टाकून द्यावीत. ओल लागलेला, थर सुटलेला डेक कितीही जिव्हाळ्याचा असला तरी भिंतीवर लावण्यापुरताच.

मागवणे आणि जोडणे

डेक आणि ट्रक खान्देशात दुकानात हाताळून घेता येणे कठीण आहे, ते बहुधा मुंबई, पुणे किंवा बंगळूरच्या विक्रेत्याकडून कुरिअरने मागवावे लागतात. म्हणून मागवण्यापूर्वी डेकची रुंदी, आसाची रुंदी, चाकाचा व्यास आणि बोल्टची लांबी एका कागदावर लिहून एकमेकांशी ताडून पाहावी. परत पाठवण्याची सोय आहे का, तेही विचारावे.

जोडताना आधी ग्रिप टेप (डेकच्या वर चिकटवायची खरखरीत पट्टी) लावावी, कडा कानशीने घासून ब्लेडने कापावी आणि खालून बोल्टची आठ भोके टोचून मोकळी करावीत. दोन्ही ट्रकचे किंगपिन एकमेकांकडे, म्हणजे बोर्डाच्या मध्याकडे तोंड करून बसले पाहिजेत. बोल्ट कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर असे थोडे थोडे आवळावेत. चाकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालावा आणि चाक हलवल्यावर अगदी किंचित खेळ जाणवेल एवढाच नट आवळावा. अर्धा इंची असलेल्या या नटाला आपल्या घरातला १३ नंबरचा पाना चालतो. किंगपिनच्या नटाला मात्र ९/१६ इंची पाना लागतो आणि १४ नंबर त्यावर बसत नाही, हे माहीत असलेले बरे. शेवटी बोर्ड सपाट फरशीवर ठेवून चारही चाके टेकतात का पाहावे. ठळक डुगडुग असेल तर डेक वाकलेला आहे. तो न वापरता परत करावा.

किंगपिन सुरुवातीला जरा घट्ट ठेवावा आणि तोल परत आल्यावर पाव-पाव फेऱ्याने सैल करावा. पहिल्या दोन-तीन वेळा चालवून झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत, कारण नवी बुशिंगे आणि रायझर दबून बसतात.

याच पैशांत बसवायच्या गोष्टी

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड हे सेटअपचाच भाग धरून खर्च ठरवावा. पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो, म्हणून गार्ड दोन्ही हातांना हवेत. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ हे मानक लिहिलेले असावे. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते आणि मान व नजर दोन्ही अडवते. पैसे कमी पडत असतील तर चाकांचा दुसरा संच पुढच्या महिन्यावर ढकलावा, पण गार्ड नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत बोर्ड बंद गाडीत किंवा गच्चीवर ठेवला तर डेक वाकतो आणि ग्रिप टेपचा गोंद सुटतो. घरात, भिंतीपासून थोडा दूर, आडवा ठेवावा. तापलेल्या रस्त्यावर मऊ चाके आणखी मऊ होतात आणि बोर्ड ओढल्यासारखा चालतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच बाहेर पडावे.

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर नेऊच नये. चुकून भिजला तर त्याच दिवशी चाके काढून बेअरिंग पुसावीत, सील सुईने उचलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावीत, पूर्ण वाळवावीत आणि प्रत्येकात शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. डेक सावलीत उभा करून वाळवावा. टेल (बोर्डाचे मागचे टोक) घासून धारदार झाले, थर सुटू लागले किंवा बोल्टभोवती चीर दिसली की तोच ट्रक, तीच चाके ठेवून फक्त नवा डेक मागवावा; त्या वेळी रुंदी पाव इंचाने वाढवावी की कमी करावी, हे आपल्या पायांना एव्हाना कळलेले असते.