थेंब डोळ्यात, धाप छातीत
काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आणि जिना चढताना धाप लागू लागली, नाडी मंदावली, चक्कर आली, तर लगेच वयाला दोष देऊ नका. डोळ्यात टाकलेलं औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथून, औषधाचा जोर कमी करणाऱ्या यकृताला वळसा घालून, थेट रक्तात मिसळतं. असा त्रास क्वचितच होतो. पण दमेकऱ्याला एक थेंबही भोवू शकतो. मधुमेह असेल तर साखर उतरल्याची धडधडही कदाचित जाणवणार नाही. म्हणून दमा, हृदयविकार, इन्सुलिन हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबून धरा. थेंब परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. श्वासच अडकत असेल तर मात्र सरळ दवाखाना गाठा, बाटली सोबत घेऊन.