उन्हाळी लागवडीआधी जुना प्लॉट उपटा

जानेवारी सरत आला की जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो, मिरची, भेंडीची घाई सुरू होते. शेणखत, बेड, ठिबक, मल्चिंग यांत कोणी कसर सोडत नाही. पण बांधापलीकडे आधीचा टोमॅटो चुरडून गेलेला, तरी उभाच. का ठेवलाय विचारलं की म्हणतात, "बाजार वाढला तर अजून दोन तोडे निघतील." त्या दोन तोड्यांपायी नवा सबंध प्लॉट गेलेला मी दरवर्षी पाहतोय.

जुन्या झाडात विषाणू असतो आणि पानाखाली पांढरी माशी. फेब्रुवारीत ऊन तापलं की माशी झपाट्यानं वाढते. जुनं पान वाळायला लागलं की ती कोवळ्या रोपांवर उतरते आणि बोकड्या, म्हणजे पानं वळवणारा विषाणूरोग, सोबत नेते. भेंडीचा केवडा, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग, हीच माशी पसरवते. 2020 च्या उन्हाळ्यात याच भागात फळं पिवळी-लाल पट्टेदार निघाली, लोक त्याला 'तिरंगा' म्हणाले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू सापडला. तो मावा पसरवतो. कीड वेगळी असली तरी तिचा आसरा तोच: जुना प्लॉट आणि बांधावरचं तण.

सकाळी सातच्या सुमारास जुन्या झाडाचा शेंडा हलवून बघा. पानाखालून पांढरा भुगा उडाला तर शेजारी रोप लावायचं नाही.

उपटायचीही रीत आहे. नुसतं उपटलं तर माशी उडून नव्या रोपांवरच जाते. शेवटचा तोडा झाला की आधी जुन्या प्लॉटवर इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल हे कीटकनाशक 10 लिटर पाण्यात 3 मिली घेऊन पानाच्या खालून फवारा. दोन दिवसांनी गार वेळेला मुळासकट उपटा. ढीग बांधावर ठेवू नका, खड्ड्यात पुरा. गाजरगवत, धोत्रा, दुधाणी त्याच दिवशी काढा. मग निदान पंधरा दिवस रान मोकळं ठेवा. नवी लागवड जुन्या प्लॉटच्या पश्चिमेला केली तर रोग कमी दिसतो असा माझा अंदाज आहे, कारण उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. पुस्तकात हे नसेल, पण जागेची निवड हातात असेल तर करून बघा.

बाकीची कामं:
– रोपवाटिकेला 40 ते 50 मेशची जाळी
– टोमॅटोचं रोप 25 ते 30 दिवसांचं
– लागवडीआधी तीन आठवडे कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी
– चंदेरी-काळा मल्चिंग पेपर
– एकरी 10-12 पिवळे चिकट सापळे
– 5 टक्के निंबोळी अर्क, सुरुवातीपासून
– काकडी, दोडका, गवार: बी फेब्रुवारीतच टोकून घ्या

लागवडीनंतर पहिला महिना रोज सकाळी फेरी मारा. शेंडा गोळा झालेलं, पानं वर वळलेलं रोप दिसलं की त्यावर प्लास्टिकची पिशवी घाला, तोंड आवळा आणि मगच उपटा. "सुधारेल" म्हणून ठेवू नका, ते सुधारत नाही. इथंच दुकानदार चार बाटल्या पुढं करतो: टॉनिक, 'व्हायरस स्पेशल', वर मोफत सल्ला. विषाणू लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. कुठल्याच किमतीला नाही. त्या पैशात जाळी येते. औषध घ्यावंच लागलं तर लेबलवर पीक आणि कीड दोन्ही लिहिलेलं असेल तेच घ्या, पक्क्या बिलावर, आणि तेच तेच औषध पुन्हा फवारू नका.

तुमचा प्लॉट साफ झाला, पण शेजारच्या वावरात जुना टोमॅटो उभा आहे? रोपं आणण्याआधी त्यांच्याकडे जा. मजुरांची अडचण असेल तर उपटायला आपली दोन माणसं द्या. एका फवारणीच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडतं.