क्रूझवर समुद्राखालचं बघायला कुठली ट्रिप घ्यायची, सोलापूरकरांसाठी

आपल्या सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर फार तर भिगवणला उजनीत बोटिंग, त्यामुळं पहिल्यांदा क्रूझला निघालेला माणूस जाहिरातीतला सगळ्यात भारी फोटो बघतो आणि तीच ट्रिप सगळ्या घराला बुक करून टाकतो. असं करू नका. आधी घरातली माणसं बघा, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला चष्मा आहे, कुणाला पाण्याची भीती वाटते, ते बघून मग ट्रिप ठरवा.

आम्ही मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला गेलो होतो, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी मुंबई. सोबत बाबा, आत्या आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. जहाज बेटापासून लांब उभं राहतं आणि तिथून छोट्या बोटीत उतरायचं असतं, लाटा असतील तर ती बोट चांगली वरखाली होते, म्हणजे गुडघ्याची परीक्षा इथंच सुरू होते, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही.

पोहता येत नाही आणि भिजायचंही नाही, त्यांच्यासाठी ग्लास बॉटम बोट. बोटीच्या तळाला काच असते, वाकून खाली बघायचं. ही स्वस्तातली म्हणून लोक नाक मुरडतात पण लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत, लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं शांत पाणी, ते उथळ आणि नितळ, तिथं हीच बोट फार छान वाटते. फक्त वेळ सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधली घ्या, ऊन डोक्यावर असलं की उजेड सरळ खाली जातो. आम्हाला पहिल्या दिवशी चारची वेळ मिळाली, काचेवर चरे पडलेले, ऊन तिरपं, आमचीच तोंडं दिसत होती. दुसऱ्या दिवशी परत पैसे भरून अकराला गेलो तेव्हा हिरवं कासव दिसलं, मान खाली घालून समुद्रातलं गवत खात होतं, अगदी आपली शेळी चरते तसं, आत्या दोन्ही हात काचेवर टेकवून बसली होती, उठायलाच तयार नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी काच बघायला मागा, लाजू नका.

अंदमान, मॉरिशसकडं सेमी सबमरीन पण मिळते. नाव ऐकून वाटतं आख्खी पाण्याखाली जाते, तसं नाही, वरचा डेक पाण्यावरच राहतो, आपण खालच्या भागात खिडकीशी बसतो. म्हाताऱ्या माणसांना बरी, पण आत उतरायचा जिना किती उभा आहे आणि कोंडल्यासारखं होतं का ते विचारून घ्या. सी वॉकमध्ये डोक्यावर मोठं हेल्मेट घालून तळावर चालायचं, हवा पाइपनं येते, चेहरा कोरडा राहतो म्हणून चष्मा चालतो.

माझं मत विचाराल तर पैसे स्नॉर्केलिंगला घाला. आपण वर तरंगतो, तोंड पाण्यात, डोळ्यानाकावर काचेचा मास्क, श्वासासाठी तोंडात पाण्यावर निघालेली नळी, लाइफ जॅकेट अंगात, त्यामुळं पोहता येत नसलं तरी गाइडला धरून जमतं. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो त्याचा कुडकुड आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो आणि तेच खाल्लेलं नंतर वाळू होऊन बाहेर पडतं, पायाखालची पांढरी वाळू बरीचशी तीच, हे कळल्यावर मुलगी किनाऱ्यावर मूठ मूठ वाळू उचलून बघत होती. चष्म्यावर मास्क बसत नाही, नंबरचा मास्क आहे का ते आधीच विचारा. मिशी असली की मास्कमध्ये पाणी येतं, बाबांना वरच्या ओठाला व्हॅसलिन लावलं तेव्हा कुठं थांबलं. जायच्या आधी सोलापुरातच स्विमिंग टँकवर दोन चार दिवस मास्क लावून तोंडानं श्वास घ्यायची सवय करा, नाहीतर तिथं गेल्यावर अर्धा वेळ घाबरण्यातच जातो.

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात जायचं, त्याची पहिली डाइव्ह (बुडी) बारा मीटरपर्यंतच नेतात आणि मूल दहा वर्षांचं तरी लागतं, म्हणून आमची मुलगी बाद. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा, सर्दी असेल तर जाऊच नका. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो पण कान पहिल्या एकदोन मीटरलाच दुखायला लागतात, नाक दाबून हळूच फुंकायचं, दुखलं की वर यायचं, जोर लावायचा नाही. डाइव्हनंतर विमान असेल तर मध्ये अठरा तास सोडा, अंदमानहून विमानानं परत येणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवा.

प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही आणि तुकडा तर पिशवीत घालायचाच नाही, आपल्याकडं वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे.

बुक करताना हवा खराब झाल्यावर पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. बाहेरच्या बोटवाल्याकडं स्वस्त मिळालं तरी जहाजावर परतायची वेळ त्याला दोनदा सांगा, जहाज एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. आणि आपला सोलापुरी टॉवेल माणशी एक घ्या, ओल्या अंगानं परतीच्या बोटीत वारा फार लागतो.