सोबती गमावलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात मोठ्या जातीचं पिल्लू कसं वाढवावं

आमचा कुत्रा मोती गेल्यावर तीन आठवडे त्याची सोबतीण चिंगी रोज दाराशी जाऊन त्याची गादी हुंगायची आणि गादीवर न बसता शेजारच्या फरशीवर बसायची. तिला सोबत हवी, असं आम्ही ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर सोबत आम्हाला हवी होती. मग जर्मन शेफर्डचं पिल्लू आलं, भीम. आलं ते बरंच झालं, पण काही गोष्टी आम्ही उलट्या क्रमाने केल्या आणि त्याचा त्रास झाला अकरा वर्षांच्या चिंगीला. सरळ क्रम असा.

आधी म्हाताऱ्या कुत्र्याची तपासणी

सोबती गेल्यावर मागे राहिलेला कुत्रा कमी खातो, जास्त झोपतो, माणसाची पाठ सोडत नाही. इटलीत ४२६ मालकांची पाहणी झाली होती, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८६ टक्के मालकांना असे बदल दिसले होते. पण न खाणं हे दातांचं, मूत्रपिंडाचं किंवा सांध्यांचं दुखणंही असू शकतं, आणि म्हातारपणी दोन्ही एकदम असू शकतं. चिंगी दुःखात आहे म्हणत आम्ही पंधरा दिवस काढले. निघाली तडकलेली दाढ. म्हणून पिल्लाचा विषय काढण्याआधी डॉक्टरांकडे जा. सांधे दुखत असतील तर त्यावर उपचार आधी सुरू करा. अंग दुखत असलेल्या कुत्र्याला येऊन धडकणारं पिल्लू सोसत नाही, मग स्वभाव कितीही गरीब असो.

आधीचा कुत्रा संसर्गाने गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा रोग; त्याचा विषाणू घरात आणि मातीत कित्येक महिने टिकतो. साध्या साबणाने तो जात नाही. फरशी, भांडी पातळ केलेल्या ब्लीचने धुवावी लागतात. अंगणातली माती मात्र तशी धुता येत नाही, तेव्हा पिल्लू कधी आणायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

किती दिवस थांबायचं याचा नियम नाही. म्हातारा नीट खातोय, झोपतोय, फिरायला उठतोय, एवढं दिसलं की विचार करा. नव्याला गेलेल्याचं नाव ठेवू नका. मी स्वतः पहिला महिनाभर भीमला ‘मोती’ म्हणून हाक मारत होतो. तो बिचारा यायचाच नाही.

वजनाचं गणित

आठ आठवड्यांचं शेफर्ड पिल्लू साधारण सात किलोंचं असतं. पाचव्या महिन्यात ते वीसच्या आसपास जातं. चिंगी सतरा किलोंची. म्हणजे पिल्लू तिच्यापेक्षा जड व्हायच्या आत शिकवायला हातात तीन महिनेही नाहीत. अंगावर उडी मारणं, कान ओढणं, झोपलेल्याच्या पाठीवर चढणं हे तीस किलोंच्या कुत्र्याने केलेलं चालणार नसेल, तर सात किलोंच्या पिल्लालाही करू देऊ नका. गोड दिसतं म्हणून सोडून देतो आणि तिथेच फसतो.

पहिली भेट

घराच्या दिवाणखान्यात नको. तिथे भेट घडवायची चूक आम्ही केली आणि चिंगी दोन दिवस पलंगाखालून हलली नाही. दोघांपैकी कुणाचीच नसलेली मोकळी जागा निवडा. पिल्लाच्या लसी पूर्ण नसतील तर तिथे अनोळखी कुत्रे येत नसावेत. दोन माणसं, दोन पट्टे, दोन्ही सैल. समोरासमोर आणू नका. थोडं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा आणि हळूहळू जवळ या. हुंगून झालं की पुढे चला. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

पहिले काही आठवडे: जाळीचं दार

लहान मुलांसाठी दारात लावतात ते जाळीचं फाटक आणा. सगळ्या खरेदीत हीच सगळ्यांत कामाची. एका बाजूला पिल्लू, दुसऱ्या बाजूला म्हातारा. दिसतात, वास येतो, पण धडक नाही. एकत्र सोडायचं ते थोडा वेळ, तुम्ही समोर असताना.

त्या वेळी म्हाताऱ्याकडे बघा, पिल्लाकडे नाही. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं ही सगळी ‘पुरे’ची भाषा. एकदा भीम चिंगीच्या शेपटीवर बसला. तिने आधी मान वळवली, मग ओठाचा एक कोपरा उचलला, मग बारीक गुरगुरली. माझ्या तोंडावर ‘चिंगी, नाही!’ आलं होतं, ते गिळलं आणि भीमला हाक मारून बाजूला घेतलं. गुरगुरण्यावर ओरडू नका. ओरडलात तर कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि एक दिवस थेट चावतो. पिल्लाला वळण लावण्याचं काम मात्र म्हाताऱ्यावर सोपवू नका, ते तुमचं.

जेवण वेगळ्या खोल्यांत, भांडी लगेच उचलायची. चघळायच्या वस्तू दोघांना एकत्र कधीच देऊ नका. म्हाताऱ्याला पिल्लू पोचणार नाही अशी झोपायची जागा द्या. आणि रोज थोडा वेळ फक्त त्याचा.

पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, निदान झोपायला हवं. संध्याकाळी ते पिसाळल्यासारखं चावत सुटलं की खेळवू नका, जाळीमागे झोपवा. निम्मी भांडणं झोप न झाल्याची असतात, असा माझा अनुभव.

खाणं आणि हाडं

मोठ्या जातीत घाई नडते. पिल्लू लवकर मोठं दिसावं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पावडर देणं हा सगळ्यांत घातक लाड. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नीट रोखता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाद्य घ्या. काही पाकिटांवर मोठेपणी ३२ किलो (७० पौंड) किंवा जास्त वजन होणाऱ्यांच्या वाढीसाठी योग्य, असं छापलेलं असतं. घरचं शिजवून घालणार असाल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. म्हाताऱ्याचं खाणं वेगळं, त्यामुळे उष्ट्यावर लक्ष ठेवा.

पिल्लू गुबगुबीत नको. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रॅडॉरच्या अभ्यासात निम्म्यांना जन्मभर २५ टक्के कमी खायला दिलं होतं. त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापलीकडे जगले ते) १३ वर्षं भरलं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२.

जिने तीन महिन्यांच्या आत चढू-उतरू देऊ नका, उचलून न्या. नॉर्वेतल्या अभ्यासात मोठ्या जातींच्या ज्या पिल्लांनी त्या वयात जिने वापरले, त्यांच्यात खुब्याचा दोष जास्त आढळला; मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं फिरणाऱ्यांत कमी. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चालवावं, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम मात्र कुठल्या ठोस अभ्यासातून आलेला नाही. पिल्लू बसलं की थांबा. गुळगुळीत फरशीवर चटया टाका, त्या म्हाताऱ्याच्या सांध्यांनाही लागतात. हाडांची वाढ संपायला वर्ष ते दीड वर्ष जातं, फार मोठ्या जातींत आणखी जास्त. नसबंदी कधी करायची हे डॉक्टरांशी याच हिशेबाने बोला.

पोट फुगलंय आणि कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

एकट्याने राहायला शिकवा

हे बहुतेक जण विसरतात. पिल्लू सतत म्हाताऱ्याच्या मागे राहिलं तर त्याला एकटं राहता येत नाही. म्हातारा आज ना उद्या जाणार, आणि आपण पुन्हा तिथेच. म्हणून सुरुवातीपासून दोघांना वेगवेगळंही फिरवा, रोज थोडा वेळ पिल्लाला एकटं ठेवा, डॉक्टरांकडे एकट्याने न्या.

सहाव्या महिन्यानंतर वयात येताना कुरबूर पुन्हा वाढते. शिकलेलं विसरल्यासारखं होतं. जखम होईल अशी भांडणं झाली तर कुत्र्यांच्या वर्तनाच्या जाणकाराला बोलवा, घरात प्रयोग करू नका. भीम आता दहा महिन्यांचा, एकतीस किलोंचा आहे. चिंगी दुपारी मोतीच्या गादीवर झोपते. जाळीचं दार आम्ही अजून काढलेलं नाही.