इंग्रजी वाक्यरचना आणि ऐकणं: दोन्हींचा सराव एकाच वाक्यावर

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे इंग्रजी ऐकतानाही आपण वाक्य संपायची वाट पाहतो, आणि कर्त्याला लागून आलेलं क्रियापद तोवर निसटून जातं. म्हणूनच वाक्यरचना आणि ऐकणं यांचा सराव वेगवेगळा करू नये.

सुरुवातीला नाशिकरोड स्टेशनवरची घोषणा घ्या. तीच माहिती मराठी, हिंदी, इंग्रजीत पाठोपाठ मिळते. मराठीत गाडी आणि फलाट सांगून झाल्यावर शेवटी ‘येत आहे’. इंग्रजीत गाडीच्या नावानंतर ‘इज अरायव्हिंग शॉर्टली’, आणि ‘ऑन प्लॅटफॉर्म नंबर थ्री’ त्याच्याही नंतर. गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून वाचतात. मुंबईकडे जाणारी पंचवटी एक्सप्रेस १२११०, म्हणजे ‘वन टू वन वन झीरो’. घोषणा फोनवर रेकॉर्ड करून घरी लिहून काढा.

घोषणा सहज लिहिता येऊ लागल्या की बोलण्याकडे वळा. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम लिखित मजकुरासह मिळतो. सहाच्या सहा मिनिटं घेऊ नका, २० ते ३० सेकंदांचा तुकडा पुरे. पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐका: कोण, काय करतंय, एवढंच पकडा. मग तीनदा ऐकत लिहा, अडेल तिथे जागा मोकळी सोडा. मजकूर शेवटी उघडा. आधी वाचून मग ऐकलं तर डोळ्यांनी वाचलेलंच कानांना ऐकू आल्यासारखं वाटतं, आणि सराव वाया जातो. वेग ०.७५ वर आणायचा तो फक्त अडलेल्या जागेपुरता.

आता चुका तपासा. शब्दच माहीत नव्हता, तर तो वहीत लिहा आणि पुढे चला. शब्द माहीत असून ऐकू आला नाही, तर तिथे जास्त वेळ द्या. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅज’ यांसारखे शब्द आक्रसतात. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’मध्ये तर अर्थच उलटतो: ‘आय कॅन कम’मधला ‘कॅन’ नुसता ‘कन’ होऊन जातो, ‘कान्ट’वर मात्र जोर असतो. शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही, त्यामुळे कान जोरावर ठेवा. तो तुकडा बोलणाऱ्याच्या लयीत पाच वेळा मोठ्याने म्हणा.

शब्द बरोबर पण क्रम चुकला असेल, तर वाक्य कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्दागणिक लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि दुसऱ्या दिवशी न ऐकता जुळवा. आधी कर्ता आणि क्रियापद शेजारी ठेवा, मग बाकीचं. मराठीत ‘-ने’, ‘-ला’ ही चिन्हं शब्दाला चिकटलेली असल्याने शब्द पुढेमागे झाले तरी अर्थ टिकतो. इंग्रजीत ते काम जागाच करते. ‘राम सॉ सीता’सारख्या वाक्यात कर्ता आणि कर्माची अदलाबदल झाली की पाहणारा कोण आणि दिसणारा कोण, हेच बदलतं. स्थळ-काळाचा क्रमही आपल्या उलट. ‘ती काल अंबडच्या कंपनीत गेली’मध्ये काळ आधी, ‘शी वेन्ट टू द कंपनी इन अंबड यस्टर्डे’मध्ये स्थळ आधी, काळ शेवटी. ‘यस्टर्डे’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतो, पण क्रियापद आणि कर्माच्या मध्ये घुसवू नका. ‘ऑल्वेज’, ‘युज्वली’ मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’, ‘आर’ यांच्या नंतर.

बरीच वर्षं इंग्रजी वापरणाऱ्यांचीही एक चूक सुटत नाही: ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द बस’. मराठीत ‘बस कुठे आहे’ हे सुटं विचारलं काय किंवा ‘मला माहीत नाही’च्या पुढे जोडलं काय, क्रम तोच राहतो. इंग्रजीत जोडलं की उलटा क्रम सुलटा होतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर द बस इज’. अशी दहा वाक्यं स्वतः बनवा, आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी तीच श्रुतलेखनासाठी वापरा.

नाशिकच्या सीबीएसहून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) नाशिकरोडला जाताना हेडफोनवर इंग्रजी लावून ठेवायला हरकत नाही, पण ते सरावात धरू नका. लिहून तपासलेली रोजची १५ मिनिटं त्याहून जास्त कामाची.