एक कीबोर्ड, एक माउस, एक मॉनिटर आणि दोन-तीन संगणक: जोडणी कशी करावी

मुंबईतील वन-बीएचके घरात कामाचे टेबल बहुधा खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये उरलेल्या जागेत बसवलेले असते. त्यावर कंपनीचा लॅपटॉप, घरचा डेस्कटॉप आणि एखादा जुना लिनक्स संगणक अशी तीन यंत्रे आली, की प्रत्येकासाठी वेगळा कीबोर्ड आणि वेगळा मॉनिटर ठेवणे अशक्य होते. अशा वेळी एकाच संचावरून सर्व संगणक चालवता येतात. त्यासाठीच्या उपकरणाला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. मात्र स्विच हा एकच मार्ग नाही, आणि पुष्कळदा तो सर्वांत सोयीचा मार्गही नसतो.

खरेदीपूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. कीबोर्ड आणि माउस यांचे काम अगदी हलके असते. साध्या यूएसबी माउसला सेकंदाला १.५ मेगाबिटचा वेगही पुरतो. मॉनिटरवरचे चित्र मात्र जड असते, इतके की ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे, चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवण्यासाठी एचडीएमआय २.० या व्हिडिओ जोडणीच्या मानकात १८ गिगाबिटपर्यंतच्या वेगाची तरतूद केलेली आहे. म्हणून स्विच बिघडवतो ते बहुधा चित्र, आणि कोणता मार्ग निवडायचा हेही चित्रावरूनच ठरवावे.

प्रथम मॉनिटरची मागची बाजू पाहावी. तेथे दोन एचडीएमआय, किंवा एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असे दोन व्हिडिओ पोर्ट असतील, तर प्रत्येक संगणकाची व्हिडिओ केबल थेट मॉनिटरला जोडावी आणि केवळ कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच घ्यावा. तो केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि चित्राला मध्ये कोणी हातच लावत नसल्यामुळे ते जसेच्या तसे राहते. गैरसोय एवढीच, की संगणक बदलताना एक बटण स्विचचे आणि दुसरे मॉनिटरचे दाबावे लागते. त्यावरही उपाय आहे: कीबोर्ड दुसऱ्या संगणकाकडे गेल्याचे ओळखून मॉनिटरला आपोआप इनपुट बदलायला लावणारे ‘डिस्प्ले-स्विच’ हे साधन मोफत मिळते, त्यासाठी मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘डीडीसी/सीआय’ (संगणकाकडून मॉनिटरला आज्ञा देण्याची सोय) चालू असावे लागते. दोनच संगणक असतील तर मी हाच मार्ग सुचवीन.

संगणक तीन-चार असतील, किंवा मॉनिटरला एकच इनपुट असेल, तर केव्हीएम स्विच घ्यावा लागतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर दोन पोर्टांपासून पुढे सर्व प्रकारचे स्विच पाहायला मिळतात. दुकानात ‘४के चालतो का’ एवढेच विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘चालतो’ असेच येते. मी आणलेल्या पहिल्या स्विचच्या खोक्यावर ४के ठळक छापलेले होते. ते ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, हे मागे बारीक अक्षरांत होते, आणि घरी जोडल्यावर माउसचा बाण अडखळत चालू लागला तेव्हा मी ते वाचले. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झलाच मिळते. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आवश्यक आहे. मॉनिटर फुल एचडी असेल तर ही चिंता नाही.

दुसरा प्रश्न ईडीआयडीचा विचारावा. मॉनिटर आपली क्षमता संगणकाला ज्या माहितीतून कळवतो तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळला की पहिल्याला ही माहिती मिळणे बंद होते. मॉनिटर काढून घेतला असे समजून तो उघड्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर कोंबतो, आणि परत आल्यावर त्या पुन्हा मांडाव्या लागतात. ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच ही माहिती स्वतःच पुरवत राहतो. दिवसातून वीस वेळा यंत्र बदलणाऱ्याने या सोयीसाठी जास्त पैसे जरूर द्यावेत.

जोडणी करताना सर्व यंत्रे बंद करावीत. स्विचच्या ज्या बाजूला कन्सोल असे लिहिलेले असते तेथे मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस लावावा. त्यानंतर प्रत्येक संगणकापासून एक व्हिडिओ केबल आणि एक यूएसबी केबल आणून त्या दोन्ही एकाच क्रमांकाच्या पोर्टात घालाव्यात. यात अदलाबदल झाली तर चित्र एका यंत्राचे आणि कीबोर्ड दुसऱ्याचा असा घोळ होतो, म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून ठेवावी. संगणक ते स्विच आणि स्विच ते मॉनिटर या दोन्ही केबलींची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी. चित्र मधूनमधून काळे पडत असेल तर स्विचला दोष देण्याआधी आखूड केबल लावून पाहावी. स्विचसोबत अ‍ॅडॉप्टर आला असेल तर तो लावावाच. आधी स्विच आणि मॉनिटर, मग एकेक संगणक, या क्रमाने सुरू करावे.

बदल बटणाने किंवा कीबोर्डवरून होतो. अनेक स्विचमध्ये स्क्रोल लॉक दोनदा दाबून पोर्टचा क्रमांक दाबायचा असतो. लहान कीबोर्डवर ती कळच नसते, त्यामुळे दुसरी कळ ठरवता येते का हे माहितीपत्रकात पाहावे. बिनतारी माउस डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालणारा असेल तर स्विचमधून चालतो. ब्लूटूथचा माउस मात्र एका संगणकाशी थेट जोडलेला असल्यामुळे स्विचच्या हाती येत नाही. माउसची जादा बटणे चालेनाशी झाली, तर तो कन्सोलच्या खास पोर्टातून काढून स्विचवरच्या साध्या यूएसबी पोर्टात लावावा.

प्रत्येक संगणकाला स्वतःचा पडदा असेल आणि कीबोर्ड-माउस तेवढा एक हवा असेल, तर उपकरण घेण्याची गरजच नाही. हे काम सॉफ्टवेअर करते. सर्व यंत्रे विंडोजची असल्यास मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत साधनसंचातील ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ चार संगणकांपर्यंत चालते: एका यंत्रावर सुरक्षा-किल्ली तयार करावी, ती आणि त्या यंत्राचे नाव दुसऱ्यावर भरावे, आणि पडदे टेबलावर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मांडावेत. मग बाण एका पडद्याच्या कडेवरून पुढच्या पडद्यावर जातो आणि कॉपी केलेला मजकूरही सोबत नेता येतो. मॅक आणि आयपॅडवर २०२२ पासून युनिव्हर्सल कंट्रोल आहे; त्यासाठी सर्व उपकरणांवर एकच अ‍ॅपल खाते लागते. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची सरमिसळ असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप ही मोफत साधने वापरावीत. त्यांत कीबोर्ड ज्याला जोडलेला आहे तो संगणक सर्व्हर (मुख्य यंत्र) म्हणून निवडावा, बाकीचे क्लायंट (त्याच्यावरून चालणारे) म्हणून.

यंत्रे एकमेकांना दिसत नसतील तर फायरवॉलची परवानगी तपासावी, आणि एखादे यंत्र राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना हेही पाहावे, कारण तेथे उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. संगणक सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर सॉफ्टवेअर पोहोचू शकत नाही, त्यामुळे एखादा जुना कीबोर्ड कपाटात ठेवावा. कंपनीच्या लॅपटॉपवर असे काही टाकण्यापूर्वी आयटी विभागाला विचारावे. बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, आणि तेव्हा स्विचकडेच परत यावे लागते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. स्विचमधून अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली एवढेच जाते; त्या कळेचे ‘क’ करायचे, ‘k’ करायचे की आणखी काही, हे समोरचा संगणक ठरवतो. म्हणून इनस्क्रिप्ट हा मराठीचा कळरचना-आराखडा प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावा आणि भाषा बदलण्याची कळ सर्वत्र एकच ठेवावी. नाहीतर एका यंत्रावर मराठी पत्र लिहिता लिहिता दुसऱ्यावर जाऊन पासवर्ड देवनागरीत भरला जातो आणि तो चुकीचा का ठरतो, हे ठिपक्यांमुळे दिसत नाही.